खुणेचा संगणक आणि कष्टाचे हात

शाळेच्या संगणककक्षासाठी काहीतरी द्यावयाचे आहे, नेमके काय द्यावे, अशी विचारणा माजी विद्यार्थ्यांकडून अलीकडे वारंवार होते. कोणी भिंतीएवढ्या पडद्याचे नाव घेतो, कोणी डोळ्यांवर चढवावयाच्या चष्म्यासारख्या यंत्राचे. बाहेरगावी नोकरीस असलेल्या एका तुकडीने तर, हाताच्या नुसत्या खुणेवर चालणारे व अंगावर वागवता येणारे संगणक आपल्या मुलांनी पाहिलेच पाहिजेत, असा आग्रह धरला आहे. आग्रहामागील आस्था आम्ही जाणतो. परंतु एखादी वस्तू शाळेत आणण्यापूर्वी ती कशी चालते, कोणासाठी घडली आणि कोणत्या उजेडात ती निरुपयोगी ठरते, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. यंदाच्या स्मरणिकेतील ही पाने त्यासाठी मागून घेतली आहेत.

अंगावर वागवावयाचा संगणक ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. मनगटावरील घड्याळ नाडीचे ठोके मोजते, कानातील बोंडे गाणे ऐकवतात, हे वाशिमच्या बसस्थानकावरही दिसते. मात्र अशा बहुतेक वस्तूंना काचेचा छोटासा पडदा असतो वा त्या मोबाईलच्या आधाराने चालतात, आणि आज्ञा द्यावयाची ती बोट टेकवून. पडदाच काढून टाकला तर? समोरची भिंत, हातातील वर्तमानपत्र, स्वतःचा तळहात हाच पडदा मानला, आणि हवेत केलेली बोटांची खूण हीच आज्ञा मानली तर? या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत गाजलेले उत्तर म्हणजे २००९ साली जगापुढे आलेले 'सिक्स्थ सेन्स', म्हणजे 'सहावे इंद्रिय' नावाचे यंत्र. (षडायतनांमध्ये सहावे स्थान मनाला आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. यंत्राच्या कर्त्यांना तो अर्थ अभिप्रेत नव्हता. माहितीचे जग हे जणू आणखी एक इंद्रिय व्हावे, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते.)

या यंत्राचे कर्ते प्रणव मिस्त्री हे मूळचे गुजरातमधील पालनपूरचे. अहमदाबादेत संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते मुंबईस पवईच्या आयआयटीत आले आणि तेथील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले. हे केंद्र १९६९ मध्ये स्थापन झालेले. वस्तू कशी दिसावी यापेक्षा ती माणसाच्या हातात कशी बसावी, याचा विचार तेथे शिकवला जातो. पुढे ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये पॅटी मेस या प्राध्यापिकेच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये मेस यांनी आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात म्हैसूर येथे खुद्द मिस्त्री यांनी हे यंत्र 'टेड' या व्याख्यानमंचावरून दाखविले.

म्हैसूरच्या व्याख्यानात त्यांनी सांगितलेली एक हकिगत आम्हांस यंत्राहून अधिक मोलाची वाटते. त्याआधी सुमारे आठ वर्षे त्यांनी आपला संगणकाचा माऊस उघडून पाहिला. त्या काळच्या माऊसमध्ये पोटाशी रबरी आवरणाची एक गोळी असे आणि गोळीला टेकून दोन बारीक दांड्या. गोळी फिरली की दांड्या फिरत, आणि किती फिरल्या यावरून पडद्यावरचा बाण हले. मिस्त्री यांना या दांड्यांनी मोह घातला. दोन पुरेनात म्हणून मित्राचा माऊस मागून आणला (तो परत केलाच नाही, हेही त्यांनी भर सभेत सांगितले), चार दांड्या एका रांगेत बसविल्या, दोरे, कप्प्या व स्प्रिंगा जोडल्या, आणि हाताची हालचाल संगणकाला कळविणारे एक साधन सुमारे दोन डॉलरमध्ये तयार झाले. सिक्स्थ सेन्सची पाळेमुळे त्या उघडलेल्या माऊसमध्ये आहेत. त्याचा पहिला अवतारही असाच घरगुती होता. सायकलस्वाराच्या हेल्मेटला खाच पाडून त्यात प्रोजेक्टर बसविलेला होता. डोक्यावरील हे ओझे पुढे गळ्यातील लोलकात उतरले.

तो लोलक म्हणजे काय? एक छोटा कॅमेरा, खिशात मावेल असा एक प्रोजेक्टर आणि एक आरसा. प्रोजेक्टरचा प्रकाश आरशावरून वळवून समोर सोडावयाचा, म्हणजे तो व कॅमेरा दोघेही एकाच दिशेस पाहू लागतात. गणिताचे काम खिशातील मोबाईल किंवा पिशवीतील लॅपटॉप करी. दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर व तर्जनींवर लाल, पिवळी, हिरवी आणि निळी अशी चार रंगांची टोपणे. एवढ्या सामग्रीचा खर्च सुमारे ३५० डॉलर सांगितला गेला होता. बोटांची चौकट धरली की समोरच्या दृश्याचे छायाचित्र निघे. मनगटावर बोटाने वर्तुळ काढले की तेथे घड्याळ उमटे. हवेत 'ॲट'चे चिन्ह काढले की ई-मेल उघडे. तळहातावर अंकांचा फलक उमटे आणि त्यावर टिचकी मारून दूरध्वनी लावता येई. वर्तमानपत्रातील चित्र तर त्याच कागदावर हलू लागे.

न्यायाची गोष्ट म्हणून येथे नोंदवावयास हवे की ही कल्पना शून्यातून उगवली नव्हती. १९८० मध्ये एमआयटीतच रिचर्ड बोल्ट यांनी, बोट दाखवून व बोलून पडद्यावरील आकृत्या हलविण्याची पद्धत दाखविली होती. कॅनडाचे स्टीव्ह मान हे तर अंगावरील संगणकाचे आद्य प्रवर्तकच, आणि कॅमेरा-प्रोजेक्टरची अंगावर वागवावयाची जोड त्यांनी २००० सालच्या सुमारास मांडली होती. मिस्त्री यांचे वेगळेपण असे की बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी हे सारे उभे केले आणि आज्ञावली सर्वांना खुली करण्याचा मनोदय जाहीर केला. पुढे ती खुली झालीही.

आता हे यंत्र बोट ओळखते कसे, ते पाहू. कॅमेऱ्याला बोट दिसत नाही, त्याला आकडे दिसतात. साध्या वेब-कॅमेऱ्याचे चित्र ६४० उभ्या आणि ४८० आडव्या रांगांचे धरले तर त्यात ३,०७,२०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे ० ते २५५ पर्यंतचे तीन आकडे. सेकंदाला अशी ३० चित्रे आली तर दर सेकंदास ९२ लाखांहून अधिक ठिपके तपासावे लागतात. संगणकाला सांगावयाचे ते इतकेच की यांतील टोपणाच्या लाल रंगाशी जुळणारे ठिपके वेगळे काढ, ते कोणकोणत्या रांगांत आहेत त्याची सरासरी काढ, आणि ती सरासरी म्हणजे बोटाचे टोक असे समज. दुसऱ्या चित्रात ती सरासरी सरकली, तिसऱ्यात आणखी सरकली, की त्या बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे बोटाची हालचाल. दोन रंगांच्या सरासऱ्या एकमेकींजवळ आल्या की चिमूट मिटली, दूर गेल्या की उघडली. सरासरी काढावयास आपली मुले सातवीपर्यंत शिकलेली असतात. या यंत्रातील गणिताचा गाभा त्यापलीकडे फारसा जात नाही.

हे खरे की खोटे, हे आम्ही संगणककक्षात करून पाहिले. वीजजोडणी करणारे वापरतात ती रंगीत चिकटपट्टी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी बोटांना गुंडाळली आणि 'ओपनसीव्ही' या विनामूल्य मिळणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने साधा कार्यक्रम लिहिला. निळ्या व हिरव्या पट्टीने लगोलग काम केले. लाल पट्टी मात्र भलत्याच ठिकाणी उमटू लागली. बोट डावीकडे, पडद्यावरील खूण अधांतरी मधोमध. कारण शोधावयास अर्धा तास गेला. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मुलीच्या वेणीला लाल रिबीन होती, आणि संगणक इमानेइतबारे बोट आणि रिबीन या दोहोंची मिळून सरासरी काढीत होता! संध्याकाळी दिवे लागल्यावर दुसरा धडा मिळाला. ट्यूबलाइटखाली निवडलेला पिवळा रंग बल्बखाली पिवळा राहत नाही. यावर उपाय असा की तांबड्या-हिरव्या-निळ्याचे आकडे तसेच न वापरता रंगाची जात आणि उजेडाचे प्रमाण हे दोन वेगळे करावयाचे आणि मुख्यतः जातीवर विसंबावयाचे. उपाय पूर्ण नाही, पण काम भागते.

प्रकाशाच्या बाजूचे गणित याहून कठोर आहे. त्या काळच्या खिशातील प्रोजेक्टरचा प्रकाश दहा-पंधरा ल्यूमेनच्या घरात असे. दहा धरू. हा प्रकाश ८० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच अशा चित्रात पसरला, म्हणजे सुमारे अर्ध्या चौरस मीटरवर, तर भिंतीवर पडतो साधारण २० लक्स. ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर-दोनशे लक्स उजेड आधीच असतो. म्हणजे चित्र खोलीच्या उजेडात बुडाले. तेच चित्र कागदाच्या एका पानावर आटोपले तर सुमारे १६० लक्स मिळतात. तळहाताएवढ्या, दहा सेंटिमीटर लांबीरुंदीच्या चौकोनात आणले तर हजार. खोलीत तळहात हा उत्तम पडदा ठरतो तो या हिशेबाने. पण उघड्या उन्हात उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो. रिसोड-मालेगावकडच्या सोयाबीनच्या शेतात भर दुपारी उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातावर हे यंत्र काहीही उमटवू शकणार नाही. झाडाच्या सावलीतही दहा हजार लक्स असू शकतात. व्याख्यानमंचावरील अंधार आणि बंद खोलीतील मंद दिवा हे या यंत्राचे न मोजलेले सुटे भाग होते, असे म्हटले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात पटकन आली. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळा म्हणजे प्रकाश नसणे, तेव्हा चित्रातील काळ्या जागी भिंतीचा मूळ रंग दिसतो. आमच्या व्हरांड्यातील निळ्या भिंतीवर लाल अक्षरे काळपट होऊन गेली आणि पिवळी हिरवट दिसू लागली. पांढरी भिंत प्रत्येक घरी असते, असे गृहीत धरणाऱ्याने कुडाच्या वा विटांच्या भिंती पाहिलेल्या नसाव्यात.

प्रकाशानंतर खुणेकडे वळू. हाताच्या खुणेला अर्थ आपोआप नसतो. तो समाजाने दिलेला, शिकलेला व शिकविलेला असतो. अजिंठ्याच्या लेण्यांतील तथागतांचे हात पाहिले की हे ध्यानात येते. धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा ओळखणाऱ्याला त्या दगडी बोटांतून सारनाथचे पहिले प्रवचन ऐकू येते, न ओळखणाऱ्याला नुसती बोटे दिसतात. (अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशिम. सहलीला गेल्यावर मुलांना हे आवर्जून सांगावे.) यंत्रालाही खुणा अशाच शिकवाव्या लागतात, आणि शिकविणारा आपल्या संस्कृतीतल्या खुणा बरोबर आणतो. सिक्स्थ सेन्समध्ये कोठल्याही कामातून मूळ पानावर परत येण्याची खूण होती नमस्काराची, दोन्ही हात जोडण्याची. अमेरिकेतील प्रयोगशाळेत ही खूण कोणी शोधून काढली नसती. ती पालनपूर-पवईहून तेथे गेली. कर्ता कोण आहे यावर वस्तूचा स्वभाव ठरतो, याचे इतके लहान आणि इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही.

दुसरे उदाहरण द्यावयाचेच झाले तर ते मात्र आपल्या पुष्कळ वाचकांच्या मोबाईलमध्ये असेल. पवईच्या त्याच केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' नावाचा कळफलक तयार केला आणि २०१३ मध्ये तो विनामूल्य उपलब्ध झाला. यात 'क' वर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चाकासारखी उमलते. हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवून उचलावयाचे, इतकेच. इंग्रजी अक्षरांच्या मांडणीवर मराठी बसविण्याची कसरत त्यात नाही. पाटीवर बाराखडी गिरविलेल्याला ती खूण शिकवावीही लागत नाही. ज्यांनी प्रौढपणी अक्षरओळख करून घेतली अशा आमच्या काही पालक मातांनी मुलांना पहिला संदेश धाडला तो या चाकावरून. काचेवरून सरकणारे बोट ही खूणच आहे. गळ्यातील लोलकाएवढा तिचा गाजावाजा झाला नाही, पण ती जास्त हातांपर्यंत पोहोचली, असे आमचे मत आहे.

हात म्हटला की आमच्या समाजाला अंगठा आठवतो. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठविला, वडिलांनी तो टाकून सही करावयास शिकून घेतले, आणि त्या पहिल्या सहीचा कागद घरात जपून ठेवला. आज रेशन दुकानातील यंत्र पुन्हा अंगठाच मागते. त्यात अपमान नाही, कारण ते सर्वांकडे मागते. पण हयातभर सोयाबीन सोंगलेल्या, वीटभट्टीवर राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, कोरड्या व भेगाळलेल्या असतात, आणि यंत्र चारचार वेळा नकार देते. डोळ्याची बाहुली वा मोबाईलवर येणारा आकडा असे पर्याय आहेत, तरी खोळंबा व्हावयाचा तो होतोच. हे यंत्र कोणत्या प्रकारच्या बोटांवर पारखून घेतले, असा प्रश्न रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारता येत नाही. तो प्रश्न विचारणारे, आणि तसे यंत्र आधीच घडविणारे, शाळेतून निघावे लागतात.

खुणेच्या संगणकाला हा प्रश्न अधिकच लागू आहे. बोटांना टोपणे न घालता हात ओळखावयाचा तर जुनी पद्धत अशी होती की कातडीचा रंग साधारण अमुक ते अमुक आकड्यांमध्ये असतो असे धरावयाचे. कोणाची कातडी? सावळ्या हाताला, मातकट भिंतीपुढे, ही पद्धत हमखास दगा देते. भिंतीलाच हात समजते. अलीकडे संगणकाला हजारो हातांची चित्रे दाखवून शिकवितात. गूगलने २०१९ मध्ये खुली केलेली पद्धत हातावरचे २१ बिंदू ओळखते, त्यात बोटांचे सांधे, टोके आणि मनगट येतात. आणि ती साध्या मोबाईलवरही चालते. ही प्रगती खरीखुरी आहे, आणि चिकटपट्टीची गरज तिने संपविली. पण शिकणारे यंत्र जे पाहते तेच शिकते. याच मीडिया लॅबमधील जॉय बुओलामविनी या कृष्णवर्णीय संशोधिकेला आढळले की चेहरा ओळखणारी आज्ञावली तिचा चेहरा टिपतच नाही. पांढरा मुखवटा घातला की टिपते. २०१८ मध्ये तिने टिमनित गेब्रू यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. कोणी मुद्दाम तसे केले नव्हते. शिकविताना दाखविलेल्या चेहऱ्यांत त्या स्त्रिया पुरेशा नव्हत्या, हे त्यामागील मोठे कारण.

हातांचेही तेच. मळणीयंत्रात वा कडबाकुट्टीत बोट गेलेला माणूस आपल्याकडे गावोगाव आढळतो. २१ बिंदू शोधावयास शिकलेल्या यंत्रापुढे तो हात आला तर यंत्र २१ बिंदूच देते; नसलेल्या बोटाची जागा कल्पनेने भरते. मूकबधिर मुलांच्या हातांची गोष्ट आणखी निराळी. भारतीय सांकेतिक भाषा ही केवळ बोटांची नाही. चेहऱ्यावरील भाव, भुवया, शरीराचा कल हे तिचे व्याकरण आहे. नुसते हात वाचणारे यंत्र तिच्यातील वाक्य वाचू शकत नाही. या दोन्ही गोष्टी अभियंत्यांना ठाऊक नाहीत असे नव्हे. ज्यांच्या घरात असा हात आहे त्यांना त्या आधी आठवतात, एवढेच.

या यंत्रांचे पुढे काय झाले? सिक्स्थ सेन्स बाजारात कधीच आले नाही. मिस्त्री सॅमसंग कंपनीत गेले आणि २०१३ मध्ये बर्लिन येथे त्यांनी तिचे 'गॅलक्सी गिअर' हे मनगटी घड्याळ सादर केले. ते काचेच्या पडद्याचेच होते. तळहातावर अक्षरे उमटविण्याची कल्पना मात्र मेली नाही. अमेरिकेतील ह्यूमेन या कंपनीने 'एआय पिन' नावाचे, सदऱ्याला छातीवर लावावयाचे यंत्र काढले. ते २०२४ च्या एप्रिलपासून ग्राहकांच्या हाती पडू लागले. किंमत ६९९ डॉलर, वर दरमहा २४ डॉलर वर्गणी. लेझरच्या हिरवट किरणांनी तळहातावर अक्षरे उमटत, तळहात कलता केला की यादी पुढे सरके, बोटे जुळविली की निवड होई. उन्हात अक्षरे दिसत नाहीत, यंत्र तापते, उत्तर यावयास वेळ लागतो, अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. आमच्या वरच्या हिशेबाने त्यांतील पहिली तर अटळच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीची बहुतेक मालमत्ता एचपीने ११ कोटी ६० लाख डॉलरना घेतली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस यंत्रामागची सेवा बंद झाली. ज्यांनी पैसे मोजून ते घेतले होते त्यांच्या छातीवर त्या दिवसापासून एक बिनकामाचा बिल्ला राहिला. यंत्र बिघडले नव्हते. त्याचे डोके दुसऱ्याच्या इमारतीत होते आणि तेथील दिवा मालकाने मालवला.

मनगटावरील पट्ट्याने स्नायूंचे सूक्ष्म विद्युतसंकेत वाचून बोटांची हालचाल ओळखण्याची पद्धत सध्या पुढे येते आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मेटा कंपनीने ७९९ डॉलरना असा पट्टा व चष्मा यांची जोडी अमेरिकेत विक्रीस आणली. तिला ना कॅमेऱ्यापुढे हात धरावा लागतो ना भिंत लागते. कदाचित पुढील दशक तिचेच असेल.

तरीही संगणककक्षासाठी काय द्यावे या प्रश्नाचे आमचे उत्तर वेगळे आहे. सीलबंद, महागडे, दूरच्या कंपनीच्या मर्जीवर चालणारे एकच यंत्र आणून काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा उघडता येणारी दहा साधने आम्हांस हवीत. साधे वेब-कॅमेरे, जुने पण चालू स्थितीतील लॅपटॉप, एखादा छोटा प्रोजेक्टर, रंगीत चिकटपट्ट्या आणि एक चांगला पेचकस संच. सुटीच्या दिवशी येऊन दोन तास मुलांबरोबर बसू शकेल असा, आज्ञावली लिहिणारा माजी विद्यार्थी मिळाल्यास तो या सर्वांहून अधिक उपयोगाचा. त्याने व्याख्यान देऊ नये अशी विनंती आहे. रिबिनीसारखी अडचण आली की सोबत डोके खाजवावे. पहिले काम ठरलेलेच आहे. वसतिगृहातील आणि गावातील, लहान-थोर, गोऱ्या-सावळ्या, चिरा पडलेल्या, बोट गमावलेल्या शंभर हातांवर ती २१ बिंदूंची पद्धत चालवून पाहावयाची आणि कोठे चुकते त्याची वही ठेवावयाची. ज्यांचे हात त्यांची संमती घेऊन, आणि कोणाचेही चित्र शाळेबाहेर न जाऊ देता.

घरी माळ्यावर गोळीचा जुना माऊस पडून असेल तर तोही पाठवावा. हल्लीच्या माऊसमध्ये गोळीऐवजी टेबलाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेणारा इवलासा कॅमेरा असतो. तोही मुलांना उघडून दाखवावयाचा आहे. पण आधी गोळीचा. वायर तुटलेली असली तरी चालेल. आम्हांस आतल्या दोन दांड्या हव्या आहेत.